जॅकवरची जागा

"गुणाबाई, बसा आता. तुमच्याबिगर हिचा पाय काई टेकत नाई," क्रेन चालवणाऱ्या मुखरूनं दांड्यांजवळून आवाज दिला, तशी गँगमधली माणसं हातातलं काम टाकून बघायला उभी राहिली. ही गंमत रोजचीच होती, पण ती चुकवायची कुणाची तयारी नसे.

भामरागडच्या रस्त्यावर क्रेनगाडी अर्धी डांबरावर आणि अर्धी मुरमाच्या साईडपट्टीवर उभी होती. अशा गाडीला केबिनच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी पाय असतो. तो आधी आडवा बाहेर ओढायचा आणि मग खाली जमिनीवर टेकवायचा. सगळे त्याला जॅक म्हणतात. उजवा जॅक पुरता बाहेर निघून रस्त्याच्या मधोमध आला होता. डावीकडे मात्र सागाची झाडं गाडीला अगदी चिकटून होती, म्हणून तो जॅक बाहेर न काढता जागच्या जागी टेकवला होता. आणि विजेचा खांब उभा करायचा होता तो नेमका डावीकडेच. बूमच्या, म्हणजे क्रेनच्या लांब हाताच्या, टोकाला खांब लटकला, गाडी डावीकडे झुकली आणि उजव्या जॅकचं पाऊल जमिनीपासून बोटभर वर उचललं गेलं.

गुणाबाई आली. जॅकच्या आडव्या दांडीवर तिनं आपलं बारदान अंथरलं आणि दोन्ही हात टेकत बसली. गाडी कुरकुरली आणि जॅकचं पाऊल हळूच येऊन डांबराला लागलं.

"टेकली बाप्पा. बाई हाय का रोडरोलर," झिंगू म्हणाला. खांबाच्या बुडाशी खड्डा खणणाऱ्या या झिंगूचं तोंड त्याच्या फावड्यापेक्षा जास्त चालायचं. सगळे हसले. गुणाबाईही हसली आणि सगळ्यांच्या आधी हसली. लोक हसण्याआधी आपणच हसून घेतलं की घाव जरा कमी लागतो, ही विद्या तिला लहानपणापासून येत होती.

पण त्या दिवशी हसताना तिचं सगळं लक्ष कमरेशी होतं. अंगावर दोन परकर होते, साडीखाली साडी होती आणि पदराच्या आड, मांडीवर, वाळूची एक थैली दडवलेली होती. अंगापेक्षा बोंगा मोठा अशी तिची गत झाली होती. गँगमध्ये एका माणसाशिवाय कुणाला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झालं तर जॅकवरची ही जागा गेलीच, हे ती मनोमन धरून होती.

गुणाबाईचं माहेर-सासर दोन्ही कोरपन्याकडचं, सिमेंटच्या धुळीनं कपाशीची पानं पांढरी पडतात त्या भागातलं. जन्मापासून ती अंगानं दांडगी. शाळेत तिच्यासाठी वेगळं बसकर होतं. एस.टी.त चढली की कंडक्टर दीड तिकिटाचा विनोद करी, आणि दोघांच्या बाकावर ती खिडकीकडे अंग चोरून बसली तरी शेजारची जागा रिकामीच राही. लोक तास-तास उभ्यानं जात, पण तिथं बसत नसत. नवऱ्याचं नाव श्रावण. त्यानं सहा-सात वर्षं संसार केला आणि एक दिवस शेजारच्या गावातली काडीसारखी बाई घरी आणली. पंचांपुढं म्हणाला की हिला पोसणं म्हणजे दारात हत्ती बांधणं आहे. पंचही हसले. गुणाबाई पोरीला कडेवर घेऊन निघाली ती परत त्या उंबऱ्यावर गेली नाही. पोरगी पुनम मोठी झाली, लग्न होऊन चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरला गेली. जावई तिथं कंपनीची बस चालवतो.

विजेच्या लाईनीचं काम घेणाऱ्या देवराव ठेकेदाराकडे गुणाबाई स्वयंपाकाला लागली होती. आलापल्लीला भाड्याच्या दोन खोल्यांत गँग राही, ती त्यांच्या भाकरी थापी. मग देवरावनं नवी क्रेनगाडी घेतली.

गाडी इथलीच, पण तिच्या पाठीवरची क्रेन युरोपातून आलेली. ती समजावून द्यायला नागपूरच्या विक्रेत्यांकडून माधवी मॅडम नावाची एक इंजिनिअर देवरावच्या चंद्रपूरच्या आवारात आली होती. गुणाबाई चहाचे पेले फिरवत होती, त्यामुळे तिच्याही कानावर थोडं पडलं. मॅडम सांगत होती की तिकडचा कायदा मोठा कडक आहे. आपले पाय कुठवर निघालेत हे यंत्राला स्वतःला कळलं पाहिजे. जॅक पुरता बाहेर नसेल तर त्या बाजूला क्रेन वजन घेणार नाही. आधी दांड्यांजवळचा हा वायरींचा डबा शिट्टी वाजवेल आणि तरी कुणी रेटलं तर क्रेन जागच्या जागी थांबेल. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी प्रत्येक क्रेनला नेमापेक्षा जास्त वजन लटकवून चारी दिशांना फिरवतात, मगच सोडतात. शेवटी ती म्हणाली, माणूस गाडीवर नको, गाडीला टेकून नको आणि लटकलेल्या वजनाखाली तर अजिबात नको. देवराव चहात बिस्कीट बुडवत प्रत्येक वाक्याला मान हलवत होता.

जंगलातल्या रस्त्यावर पहिल्याच दिवशी डबा शिट्ट्या मारायला लागला. इथं दोन्ही पाय पसरायला जागा असते कुठं? एका बाजूला झाडं नाहीतर दरड, दुसऱ्या बाजूला ये-जा. दिवसभरात एक खांब उभा झाला नाही. देवरावनं चंद्रपुराहून एक वायरमन आणला. त्यानं डबा उघडला, दोन वायरी एकमेकींना जोडल्या आणि तेव्हापासून डब्याची समजूत झाली ती अशी की आपले दोन्ही पाय सदैव बाहेरच आहेत. युरोपातला एवढा मोठा कायदा, पण आलापल्लीच्या पुढे तो दोन वायरींच्या गाठीत मेला.

डबा गप्प झाला, पण माणसं गप्प बसेनात. गाडी झुकलेली दिसे, जॅकचं पाऊल हवेत दिसे, आणि खांबाखाली जाऊन दोर धरायला कुणी धजेना. शिव्या देऊन झाल्या, समजावून झालं. शेवटी मुखरूनं चुलीकडे बघून हाक मारली, "ओ गुणाबाई, भाकर राहू द्या. इथी या अन् या पायावर बसा." ती बिचकत आली, बसली, आणि पाऊल खाली टेकलं. पोट्टे इतके हसले की एकजण रस्त्यावर लोळला. पण हसता हसता ते कामाला लागले.

त्या दिवसापासून ती गँगची मजूर झाली. देवरावनं तिला पुरुषांच्या बरोबरीचा रोज लावला. भाकरी दुसरी बाई थापू लागली. हसणं चालूच होतं, पण आता त्या हसण्यात एक मान होता, निदान तिला तसं वाटे. ती आल्याशिवाय बूम हलत नसे. ती तापानं पडली तेव्हा काम बंद राहिलं होतं. आणि दोर धरून खांबाखाली जाणारा इसरू तर तिला रोज हात जोडी. हा इसरू आलापल्लीपासून कोसभर दूरच्या गावाहून सायकलीनं यायचा. गँगमध्ये न हसणारा तो एकटा. "बाई, तुमी बसल्या का मी बिनघोर," असं तो म्हणे. जन्मभर ज्या अंगानं तिचं वाटोळं केलं, त्या अंगावर एका माणसाचा जीव विसंबून आहे, हे तिनं पुनमला किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही.

पुनमला मात्र ते आवडत नसे. "आई, तुले धोंड्यासारखी ठेवून देतात थे. त्यात कायचा मान आला?" ती म्हणायची. गुणाबाई तिच्याशी दोन दिवस बोलायची नाही.

मग हे अंग गळायला लागलं. आधी नुसती तहान लागायची. मग पायांत गोळे येऊ लागले, मग पोलकं सैल झालं. पुनमनं तिला ऊर्जानगरला नेऊन डॉक्टरला दाखवलं. शुगर निघाली. गोळ्या दिल्या, गोड बंद, भात कमी असं बजावलं. घरी आल्यावर पुनमनं तिला आरशापुढं उभं केलं आणि म्हणाली की आई, बरी दिसून राह्यली तू. आयुष्यात पहिल्यांदा कुणी गुणाबाईला बरी दिसते असं म्हटलं होतं, आणि तिला आठवली ती जॅकवरची जागा.

तिनं आपल्या परीनं उपाय केला. अंग जातंय तर अंगाला घातलं पाहिजे, हा तिचा सरळ हिशोब. गोळ्या सुरू झाल्यापासून वजन जास्तच उतरतं असं तिच्या डोक्यानं घेतलं, म्हणून गोळ्या पेटीत तळाला गेल्या. उशाशी गुळाची ढेप आली. भातावर ती साखर घेऊ लागली, चहात दुप्पट साखर टाकू लागली. जितकी खाई तितकी वाळे. या आजारात हेच होतं, हे तिला सांगणारं तिथं कुणी नव्हतं, आणि असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

इसरूच्या लक्षात आलं ते बांगड्यांमुळं. जेवताना तिनं हात वर केला आणि मनगटावर रुतून बसणाऱ्या बांगड्या घसरत कोपराशी गेल्या. त्यानं पाहिलं, घास खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "बाई, तुमी वाळून राह्यल्या का?"

"कोनाले सांगू नोका इसरूभाऊ. माह्यी जागा जाते," ती म्हणाली.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो सिमेंटच्या पोत्याच्या कापडाची एक थैली घेऊन आला. नदीची वाळू गच्च भरून तिचं तोंड शिवलेलं होतं. ती मांडीवर घ्या, वरून पदर घ्या, असं त्यानं सांगितलं. ज्याचा जीव त्या वजनावर होता, त्यानंच वजन पुरं करून दिलं. दोघांनाही वाटलं, चला, झालं बरोबर. यात वेडेपणा होता, पण तो दोघांना मिळून पुरला, म्हणून तो वेडेपणा वाटला नाही.

उन्हाळा सरत आला. पावसाळ्यात भामरागडकडचा रस्ता तुटतो, म्हणून देवराव रोज साईटवर येऊन घाई करी. अशातच थैलीची शिवण उसवली आणि गुणाबाईच्या मागे वाळूची रेघ पडायला लागली. इसरूनं थैली सायकलला अडकवली. माझी बाई शिवून देते म्हणाला. एक दिवस गेला, दुसरा गेला. थैली काही आली नाही, आणि कामाला खाडा करायची गुणाबाईची छाती झाली नाही.

त्या दिवशी डीपी चढवायची होती. ट्रान्सफॉर्मरला तिकडं सगळे डीपी म्हणतात. खांबांपेक्षा ती कितीतरी जड. मोरीच्या पलीकडे, रस्त्यापासून लांब, दोन खांबांच्या मध्ये ती बसवायची होती. बूम पुरता लांब काढल्याशिवाय ती पोचणार नव्हती. डावा जॅक नव्यानं टाकलेल्या मुरमावर, आखूडच टेकवलेला. मुखरूनं एकदा खाली उतरून मुरमावर टाच मारून पाहिली आणि देवरावकडे बघितलं. देवराव म्हणाला की आज झालं नाही तर दिवाळीपर्यंत होत नाही. मुखरू पुन्हा दांड्यांशी गेला.

गुणाबाई जॅकवर बसली. मांडी रिकामी होती. डीपी उचलली गेली, बूम पुढं पुढं सरकला, गाडी झुकली आणि तिच्या खालचं पाऊल वर उचललं गेलं. या खेपेला ते खाली आलं नाही.

डीपीचा दोर धरून तिला खांबांच्या मध्ये ओढायला इसरूनं खाली जायचं होतं. तो दोन पावलं गेला आणि थांबला. वळून त्यानं गुणाबाईकडे पाहिलं. बाई हलकी झाली आहे आणि मांडीवर थैली नाही, हे सगळ्या गँगमध्ये त्या एकट्याला माहीत होतं. त्यानं ते ओरडून सांगितलं असतं तर काम तिथंच थांबलं असतं. पण त्यानं शब्द दिला होता. तो नुसता डोळ्यांनी विचारत होता.

"जा न बे पुढं. गुणाबाई बसली हाय न," मुखरू वरून म्हणाला.

सगळे तिच्याकडे बघत होते. नाही म्हटलं की दहा जणांपुढं कारण सांगावं लागणार, साड्या सोडून दाखवाव्या लागणार, आणि उद्यापासून चूल. गुणाबाईनं मान हलवली. हो, जा.

इसरू गेला.

डाव्या जॅकखालचा मुरूम बसला. मोठा आवाज झाला नाही. गाडी हळूच कलली आणि मग एकदम गेली. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखी गुणाबाई जॅकसकट वर वर गेली. एवढ्या उंचीवर ती जन्मात कधी गेली नव्हती. तिथून तिला सगळं दिसलं: बूम, डीपी, पळणारी माणसं आणि दोर हातात तसाच धरून वर बघणारा इसरू. मग ती निसटून रस्त्यावर पडली. तिचं कोपर खरचटलं, बाकी काही झालं नाही. इसरूवर डीपी होती. ती बाजूला करायला क्रेन हवी होती, आणि क्रेन आडवी पडली होती. गावाकडून ट्रॅक्टर आणि साखळ्या येईतो माणसं नुसती उभी राहिली. त्याचं तोंड झाकायला कापड सापडेना, तेव्हा झिंगूनं तिचं बारदान उचलून त्याच्यावर टाकलं.

तिला उठवायला दोघांनी काखेत हात घातले. झिंगूनं जोर लावला तो नेहमीच्या गुणाबाईसाठी, आणि ती भस्सकन वर आली. झिंगू तिच्याकडे बघत राहिला. "अरे, बाई तं कापूस झाली," तो म्हणाला. एका साडीखाली दुसरी साडी सगळ्यांना दिसली.

एवढ्यावरच सगळा निकाल लागला. गुणाबाई वाळली, तिनं लपवून ठेवलं, म्हणून गाडी पलटली आणि इसरू मेला. आलापल्लीच्या बाजारात हे बोलणं झालं, अहेरीपर्यंत गेलं, बसमध्ये अनोळखी माणसं एकमेकांना सांगू लागली. देवरावला तर घरबसल्या देव पावला. दोन वायरींची गोष्ट कुणी काढायच्या आत तो तोंड पाडून स्वतःच सांगे, काय करावं, बाईनं धोका दिला. गुणाबाईला खोली सोडावी लागली. ऊर्जानगरला पुनमच्या दारात गुणाबाई बसून राही आणि कुणी विचारलं तर म्हणे, हाव, माझ्यामुळंच झालं. पुनम रडायची. गुणाबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ज्याचं वजन घटल्यानं एवढं मोठं यंत्र पडतं तो माणूस क्षुल्लक नसतो, ही एक गोष्ट त्या सगळ्या शिव्याशापांच्या बुडाशी तिच्यापाशी शिल्लक होती. ती तिला स्वतःला कळत होती आणि तिची लाजही वाटत होती.

माधवी मॅडम चौकशीला आली तेव्हा देवरावनं गुणाबाईला चंद्रपूरच्या आवारात बोलावून घेतलं. मोडकी क्रेन तिथं आणून टाकली होती. मॅडमनं डबा उघडला, वायरी पाहिल्या आणि त्यांचे फोटो काढले. मग देवरावनं बाईची गोष्ट काढली. ती ऐकून मॅडमचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. ती उठून गुणाबाईच्या जवळ आली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली.

"मावशी, कुणी काही सांगू दे, तुमचा यात दोष नाही," ती म्हणाली. "एवढी जड डीपी, एवढा लांब बूम, पाय आत आणि खाली कच्ची जमीन. तुम्ही बसल्या असत्या काय किंवा नसत्या काय, गाडी पडणारच होती. तुमच्यासारख्या चौघीजणी बसवल्या असत्या तरी पडली असती. माणसाच्या वजनानं हिला काही होत नाही."

मॅडमचं मन चांगलं होतं. ती बिचारी एका बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरवत होती. ते ओझं हीच त्या बाईची कमाई आहे, हे तिला कसं कळावं?

"असं कसं मॅडम," गुणाबाई म्हणाली. "मी बसली का पाय टेके. सगळ्यायनं पाह्यलं हाय. या मुखरूलेच इचारा."

मुखरू चाकाला टेकून उभा होता. त्यानं तंबाखू मळायची थांबवली. लपवण्यासारखं आता त्याच्याजवळही काही उरलं नव्हतं.

"तुमी बसल्या का मी बूम हातभर आत घेत होतो," तो म्हणाला. "पाय त्यानं टेके."

"पयल्या दिवशीपासून?"

"पयल्या दिवशीपासून. पोट्टे भेत होते. तुमाले बसवलं का हासत, अन् हासले का भेव जाए." त्यानं हातातली तंबाखू खाली टाकली. "त्या दिवशी आत घ्याले जागा नोयती."

गुणाबाई मुखरूकडे बघत राहिली. ताप आला तेव्हा बंद राहिलेलं काम, इसरूचे जोडलेले हात, थैली, गूळ, पेटीच्या तळाच्या गोळ्या, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. पंचांपुढं श्रावण निदान तोंडावर हसला होता. इथं तीन वर्षं लोकांनी तिला हसायला बसवलं आणि त्याला काम म्हटलं. आणि ती लोखंडी दांडीवर देवीसारखी बसत आली. देवरावनं घसा खाकरला. मॅडमसाठी जरा चहा टाका गुणाबाई, म्हणाला. गुणाबाई उठली आणि तिनं चहा टाकला.

मॅडमचा अहवाल नागपूरला गेला. त्याचं पुढं काय झालं हे कुणी गुणाबाईला सांगितलं नाही. देवरावनं भाड्यानं दुसरी क्रेनगाडी आणली, आणि तिच्या जॅकवर आता अहेरीचा एक ढेरपोट्या माणूस बसतो, असं झिंगू बाजारात सांगत होता.

इसरूच्या घरी ती गेली ती त्यानंतर. त्याची बायको बायनाबाई अंगणात मोहाची टोळी, म्हणजे तेलासाठीच्या बिया, फोडत बसली होती. हिला बघून ती उठली नाही आणि बसा असंही म्हणाली नाही. थोड्या वेळानं आत गेली आणि ती वाळूची थैली घेऊन बाहेर आली. शिवण नवी होती, दुहेरी दोऱ्याची.

थैली दोघींच्या मध्ये ठेवून ती म्हणाली, "त्यानं शिवाले देल्ली होती. मी नाई शिवली. मनलं, कोन्या बाईची थैली मी काऊन शिवू. त्यानं दोनदा आठवन देल्ली, मी आयकलं नाई." तिचा आवाज कोरडा होता. "थो गेला त्या राती शिवली. शिवली असती तं वाचला असता. लोक तुमाले बोलतात. मी काई बोलत नाई, मले मालूम हाय."

गुणाबाईला वाटलं होतं, ही शिव्या देईल, झिंज्या धरील. त्याची तयारी करून ती आली होती. या कबुलीची तयारी तिच्याजवळ नव्हती. गप्प राहिलं असतं तर गावभर पसरलेली तिची गोष्ट तशीच राहिली असती, आणि तिच्या वजनाची किंमत निदान या एका अंगणात टिकली असती.

"थैलीनं काई होत नोयतं," ती म्हणाली. "माह्या वजनानंई काई होत नोयतं. मॅडमनं सांगतलं. मी बसली काय, नाई बसली काय, गाडीले फरक नोयता. तुमी शिवली असती तरी थे पडलीच असती."

बायनाबाईला ते उमजायला वेळ लागला.

"मंग तुमाले तिथी कायले बसवत होते?"

"हासाले," गुणाबाई म्हणाली.

बायनाबाईनं टोळी फोडायचा दगड हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. "मंग थो खाली काऊन गेला? थो तं भल्ला भेकड होता."

"त्यानं मले डोळ्यानं इचारलं. मी मान हलवली." गुणाबाई म्हणाली. "तेवढं माह्यं हाय."

बायनाबाई तिच्याकडे बघत होती. मग ती उठली. थैली उचलून अंगणाच्या कडेला नेली आणि नवी शिवण दातांनी तोडली. वाळू भसाभसा खाली पडली. कोंबड्या धावत आल्या आणि तिच्यात दाणा नाही हे बघून परत गेल्या. बायनाबाईनं थैली झटकली, नीट घडी केली आणि आत गेली. ती परत बाहेर आली नाही.

गुणाबाई रस्त्यावर आली. चंद्रपूरची गाडी आली तेव्हा गर्दी होती. कंडक्टरनं तिकीट दिलं, विनोद केला नाही. दोघांच्या बाकावर जागा मिळाली, तशी ती सवयीनं खिडकीकडे सरकली, अंग चोरलं आणि पदर आवळून घेतला. पुढच्या थांब्यावर एक माणूस चढला, न बिचकता तिच्या शेजारी बसला आणि आपलं गाठोडं त्यानं दोघांच्या मध्ये ठेवून दिलं. तेवढी जागा तिथं होती.